हिशेबापलीकडची कृपा

पाप-पुण्याच्या हिशेबात वाढलेल्या पंडिता रमाबाईंना विनामोल मिळणाऱ्या क्षमेची ओळख पटायला बाप्तिस्म्यानंतरही आठ वर्षे लागली. ख्रिस्ती श्रद्धेत 'तारणारा' आणि त्याची 'कृपा' या शब्दांना एवढे महत्त्व का, हे त्यांच्या आयुष्याच्या आधाराने समजून घेण्याचा हा प्रयत्न.

लग्नपत्रिका हातात घेतली की पहिली ओळ बहुधा ठरलेली असते. कुलस्वामिनीच्या कृपेने अमुकचा विवाह तमुकशी करण्याचे योजिले आहे. जुन्या पत्रांत 'ईश्वरकृपेने सर्व कुशल' असे, आणि आजारी माणूस दवाखान्यातून सुखरूप घरी आला की आपण 'देवाची कृपा' असे सहज म्हणून जातो. कृपा हा शब्द मराठी घराला परका नाही.

पण त्याच घरात आणखी एक भाषा तितकीच रुळलेली असते. ती हिशेबाची. 'आईवडिलांची पुण्याई म्हणून निभावले', 'कोणत्या जन्मीचे पाप भोगतो आहे कोण जाणे', 'करावे तसे भरावे', 'तेवढेच पुण्य गाठीला'. ही वाक्ये म्हणताना आपल्या मनात कुठेतरी एक वही उघडलेली असते. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. वही कोण लिहितो हे नेमके ठाऊक नसले, तरी ती चुकत नाही यावर आपला विश्वास असतो.

दोन्ही भाषा आपण एकाच तोंडाने बोलतो आणि त्यांचे एकमेकींशी पटते की नाही, हा विचार फारसा करत नाही. ख्रिस्ती धर्माने मात्र याच प्रश्नाला आपल्या शिकवणुकीच्या मध्यभागी ठेवले आहे. माणसाची सुटका त्याच्या जमेच्या बाजूवर होते की देवाच्या कृपेवर? ख्रिस्ती उत्तर असे, की जमेची बाजू कोणाचीच पुरेशी होत नाही. सुटका होते ती कृपेनेच. ती कमावता येत नाही, फक्त स्वीकारता येते, आणि ती येशू ख्रिस्त या तारणाऱ्याच्या द्वारे मिळते. ऐकायला हे सोपे वाटते. पण ते स्वीकारणे किती अवघड असते, याचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई.

पुण्याईची पायपीट

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ या ठिकाणचा. ते आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे वैदिक पंडित. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना शास्त्रीपंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला होता. त्या बायकोने, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, आपल्या धाकट्या मुलीला भागवत शिकवले. अठरा हजार श्लोकांचा तो ग्रंथ रमाबाईंना लहान वयातच मुखोद्गत झाला.

हे कुटुंब पुढे वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडत राहिले. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जायचे, देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचे, श्रोते जे देतील त्यावर राहायचे. मिळकतीतून दानधर्म करायचा, उपासतापास करायचे, स्नाने, जप, प्रदक्षिणा. यात ढोंग नव्हते. अनंतशास्त्री खरोखरच मानत होते, की या पुण्याईने घराचे इहपर कल्याण होईल.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले तेव्हा या घराजवळ काही उरलेले नव्हते. होते ते दान करून झाले होते. मोलमजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. अनंतशास्त्री त्यात गेले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच होऊन राहा. काही आठवड्यांतच आई गेली. तिला स्मशानात न्यायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा रमाबाईंनीच तिरडीचे चौथे टोक उचलले. मग थोरली बहीण गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई.

बहीणभावांनी आईवडिलांचा क्रम सोडला नाही. हजारो मैल पायी चालून ते थेट काश्मीरपर्यंत गेले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे खणून, त्यांत उतरून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्र काढली. एवढे करूनही ज्याची वाट पाहिली ते दर्शन झाले नाही, की मनाला शांती मिळाली नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचेपर्यंत दोघांचाही त्या साऱ्यावरचा विश्वास उडत चालला होता.

कलकत्त्याने या वीस वर्षांच्या मुलीला डोक्यावर घेतले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिला तिथल्या विद्वानांनी दिल्या. स्त्रियांपुढे त्यांच्या धर्माविषयी व्याख्याने द्यावीत म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. त्या वाचनाची हकीकत त्यांनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या छोट्या इंग्रजी आत्मकथनात दिली आहे. ग्रंथाग्रंथांत इतर बाबतीत मतभेद दिसले, पण दोन गोष्टींवर त्यांना एकवाक्यता आढळली. स्त्रीची जात मुळातच हीन, आणि पुरुषाला मिळतो तसा मोक्ष तिला किंवा शूद्राला मिळत नाही. हा त्यांनी काढलेला निष्कर्ष. तो कोणाला एकांगी वाटेल. पण उभे आयुष्य पुण्य जमवण्यात घालवलेल्या बाईला आपल्या नावाने वहीत खातेच उघडलेले नाही असे दिसावे, यातले दुःख कोणालाही समजण्यासारखे आहे.

फुलमचे घर

पुढची चार-पाच वर्षे धावपळीची गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. आसामातल्या त्या संसारात असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत सापडली होती. ती त्यांनी वाचली, आवडली, पण गोष्ट तेवढ्यावरच राहिली.

वैधव्यानंतर त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा त्यांचा विचार होता. कमी ऐकू येत असल्याने तो बारगळला.

त्या भगिनींचे लंडनमधल्या फुलम भागात एक घर होते. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायका तिथे राहात. रमाबाई काही दिवस तिथे गेल्या आणि त्यांनी जे पाहिले त्याने त्या थक्क झाल्या. ज्यांच्या सावलीलाही भल्या घरची बाई उभी राहणार नाही, अशा स्त्रियांशी या भगिनी मायेने वागत होत्या. त्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांना काम शिकवीत होत्या. आणि त्या बायकाही बदललेल्या दिसत होत्या. हे कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली.

ती कथा अशी. येशू प्रवासात थकून भर दुपारी एका विहिरीवर बसला आहे. एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला येते. शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने विटाळलेली जमात, तिच्या हातचे भांडे चालत नाही. शिवाय या बाईचे पाच नवरे होऊन गेलेले आणि आता जवळ आहे तो नवराही नव्हे. तिच्याशी बोलावे असे तिच्यात काही नाही. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिचे सगळे आयुष्य आपल्याला ठाऊक आहे हे तिला कळू देतो, पण ते ऐकवून तिला हाकलत नाही. आपण ज्याची वाट पाहतो तो तारणारा मीच, हे तो याच बाईला उघड करून सांगतो.

मराठी वाचकाला विहीर, पाणी आणि विटाळ हे तीन शब्द समजावून सांगायला नकोत. रमाबाईंनाही ते सांगावे लागले नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटला. पतित स्त्रीलाही ज्याच्या दारी जागा आहे तो खरा तारणारा, असे त्यांच्या मनाने घेतले. पुण्यात असताना ओळख झालेले फादर नेहेम्या गोरे, म्हणजे मूळचे काशीचे चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे, यांच्या लिखाणाने बुद्धीच्या शंकाही बऱ्याच फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, ते प्रसिद्धच आहे.

धर्म मिळाला, पण

रमाबाईंची खरी गोष्ट मात्र इथे संपत नाही, किंबहुना सुरू होते. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी डोके गहाण ठेवले नाही. चर्चच्या शिकवणुकीतल्या अनेक गोष्टींविषयी त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम येथील महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून निकराने वाद घालीत होत्या. एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिविध कसा? येशू हा थोर गुरू होता हे मान्य, पण तो प्रत्यक्ष देव कसा? बिशपने सांगितले म्हणून मानायचे तर मग पुरोहितांनी सांगितलेले का नाकारले? ही पत्रे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आली आहेत. त्यातली रमाबाईंची बाणेदार वाक्ये वाचून सिस्टर जेराल्डीन वैतागत, याचे नवल वाटत नाही.

अमेरिकेचा दौरा करून, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाने मदत उभी करून रमाबाई परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. काम जोरात चालले होते. आणि आतून मात्र त्या कोरड्या पडत चालल्या होत्या. आपण देवाचे काम करतो, प्रार्थना करतो, नेम पाळतो, तरी पापाचे ओझे उतरलेले नाही, ही टोचणी जाईना.

या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र पडले. या हॅसलमची हकीकत मोठी मजेची आहे. कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावी तो कैक वर्षे चर्चचे काम निष्ठेने करीत होता. १८५१ मध्ये एका रविवारी 'ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते' या विषयावर प्रवचन देता देता त्यालाच उमगले, की आपण हे लोकांना सांगतो आहोत, पण आपण स्वतः ख्रिस्तावर कधी भार टाकलाच नाही. त्याचा चेहरा आणि आवाज बदललेला पाहून श्रोत्यांतला एकजण, धर्मगुरूचेच परिवर्तन झाले, म्हणून ओरडला.

रमाबाईंनी हे वाचले आणि आरशात पाहावे तसे त्यांना झाले. त्यांनी आत्मकथनात जे लिहिले आहे त्याचा आशय असा, की मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तीर्थयात्रेच्या जागी बाप्तिस्मा आला, जपाच्या जागी प्रार्थना आली, दानधर्माच्या जागी शारदा सदन आले. पण वही तीच राहिली. देवाला पटेल एवढी चांगली मी होईन तेव्हा तो मला पदरात घेईल, हा हिशेब अनंतशास्त्र्यांच्या काळापासून चालत आलेला, तो गंगामुळापासून वाँटेजपर्यंत बरोबर आला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांनी तो खाली ठेवला. मी जशी आहे तशी, माझ्या पापांसकट, आजच, या क्षणी मला क्षमा आहे, कारण ती माझ्यावर अवलंबून नाही, हे त्यांना पटले.

काट कोण मारतो?

इथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. क्षमाच करायची तर देवाने नुसती करावी. त्यासाठी तारणारा कशाला, वधस्तंभ कशाला, आणि तो तारणारा देवच असला पाहिजे हा आग्रह कशाला?

ख्रिस्ती विचार येथे कर्जाचा दाखला देतो. एखाद्याचे कर्ज सावकाराने माफ केले, वहीवर काट मारली, तर ते पैसे जातात कुठे? ऋणको सुटतो, पण रक्कम नाहीशी होत नाही. ती सावकाराची बुडते. म्हणजे क्षमा घेणाऱ्याला फुकट असली तरी देणाऱ्याला फुकट नसते. घरातही हेच असते. मुलाने विश्वासघात केला आणि बापाने ते पोटात घातले, तर मुलगा मोकळा होतो, पण बापाच्या पोटात जे जाते ते खरेच असते.

पाप हे अखेर देवाचे ऋण, म्हणून काट मारण्याचा अधिकार देवाचाच आणि झीज सोसायची तीही त्यानेच. येशू नुसता सत्पुरुष असता तर तो चांगला उपदेश करू शकला असता. दुसऱ्याचे पाप आपल्या अंगावर घेण्याचा अधिकार त्याला कुठून येणार? वधस्तंभावर जो सोसतो आहे तो स्वतः देव आहे, म्हणजे धनकोच नुकसान पत्करून बसला आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. ज्या रमाबाई येशूच्या देवत्वावरून वाद घालीत होत्या, त्यांचा तो वाद आणि त्यांची अशांती एकाच वेळी मिटावी, यात काही संगती असावी असे वाटते. गुरू मार्ग दाखवतो, चालावे आपल्यालाच लागते. चालून चालून पाय गेलेल्या बाईला तारणारा हवा होता.

या मुद्द्यावर युरोपात रण माजले होते. मार्टिन ल्यूथर हा जर्मन संन्यासी उपास, जागरणे आणि पापांचे कबुलीजबाब यांनी स्वतःला झिजवूनही अस्वस्थच राहिला. पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्र वाचताना त्याला वाट सापडली, की माणूस कर्माने नव्हे तर विश्वासाने देवापुढे निर्दोष ठरतो. पापाची शिक्षा माफ करणारी पत्रे तेव्हा पैसे घेऊन दिली जात. १५१७ मध्ये ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पाश्चात्त्य चर्च दुभंगले. पुढे ४८२ वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या आऊग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चच्या प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारण कृपेनेच होते, माणसाच्या पुण्याईने नव्हे, ही मूळ गोष्ट दोघांनाही मान्य असल्याचे त्यात म्हटले आहे.

तुकोबांचा पूल

मराठी माणूस म्हणेल, यात नवे काय? आमच्या संतांचा देव पतितपावनच आहे. तो जात पाहात नाही, कूळ पाहात नाही. संतांच्या अभंगांत स्वतःच्या पुण्याईचा तोरा कुठे आहे?

हे म्हणणे खरे आहे, आणि मराठी ख्रिस्ती परंपरेनेच ते कबूल केले आहे. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले ते मराठी ओवीत, आणि स्वर्गाला शब्द वापरला तो 'वैकुंठ'. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) तर, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे सांगत. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. त्या ताटातुटीची वर्षे त्यांनी 'स्मृतिचित्रां'त ज्या हसऱ्या-रडव्या मोकळेपणाने सांगितली आहेत, ती मराठी वाचकाला पाठच आहेत. १९०० मध्ये लक्ष्मीबाईही त्या वाटेने गेल्या. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे याच अल्पशिक्षित बाईंनी पुरे केले. टिळकांची भजने अभंगाच्या वळणाची आहेत, कारण देवापुढे रिकाम्या हातांनी उभे राहायला ते वारकऱ्यांकडून आधीच शिकले होते.

फरक आहे तो इतकाच, की ख्रिस्ती श्रद्धा ही कृपा इतिहासातल्या एका व्यक्तीशी आणि तिच्या मरणाशी बांधते. वहीवर काट मारली गेली ती अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अशी तिची धारणा आहे. तिथे दोन्ही वाटा वेगळ्या होतात आणि त्या तशा आहेत हे मान्य करण्यात कोणाचाच कमीपणा नाही.

कृपासदन

दुसरी शंका व्यवहाराची. क्षमा अशी फुकट वाटली तर माणूस सोकावणार नाही का? पाप करावे, क्षमा मागावी, पुन्हा करावे. ही शंका ख्रिस्ती विचारवंतांनाही सतावत आली आहे. हिटलरच्या विरोधात उभा राहिलेला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी गेलेला जर्मन धर्मगुरू डीट्रिश बोनहोफर याने १९३७ मध्ये 'स्वस्त कृपे'वर कठोर टीका केली होती. जी कृपा आयुष्य बदलत नाही ती कृपाच नव्हे, असे त्याचे म्हणणे.

रमाबाईंनी या शंकेवर ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या बाबतीत उत्तर कामातून दिसते. त्यांच्या मनाच्या या पालटानंतर शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या खासगी प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. मुलींना आडून धर्मांतराकडे वळवले जाते, हा आक्षेप घेणारे सगळेच दुष्ट नव्हते. मदत देणाऱ्या हाताच्या धर्माविषयी वाटणारी ती काळजी आजही संपलेली नाही. दुसऱ्या बाजूला याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाली, हेही विसरता येत नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. झाडपाला खाऊन काढलेले स्वतःचे दिवस त्यांना आठवत होते. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून दौंडच्या वाटेवरच्या केडगावच्या शेतावर नेले. 'मुक्ती'चा संसार असा वाढला. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. अंध मुलींसाठी ब्रेल.

या सगळ्यात एक विभाग होता, कृपासदन. रस्त्यावर, दुष्काळी छावण्यांत, अनाथगृहांत ज्यांच्या देहाची विटंबना झाली होती अशा बायका तिथे राहात. कित्येकजणी गुप्तरोगांनी सडलेल्या, कोणी वेडसर झालेल्या, कोणी शिवीगाळ करीत अंगावर धावून येणाऱ्या. ज्या बाईला भागवत मुखोद्गत होते ती त्यांचे करीत होती. फुलमचे घर तिने केडगावला आणले होते. नावही तिने पश्चात्तापगृह किंवा सुधारगृह असे दिले नाही. आधी सुधारा, मग दार उघडेल, असा तिथला नियम नव्हता. दार आधी उघडत होते.

कृपेने माणूस आळशी होतो की नाही, या वादात हे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. पुण्य मिळवायचे शिल्लक असताना रमाबाईंनी जेवढे काम केले, त्यापेक्षा कितीतरी अधिक काम त्यांनी मिळवायचे काही उरले नाही तेव्हा केले. शेवटची वर्षे त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला ते कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली तरी हात थांबला नाही. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

माफी आणि न्याय

ज्याला क्षमा मिळाली त्याने ती पुढे द्यावी, ही या श्रद्धेची दुसरी बाजू. ती किती जड असू शकते, हे आपल्याच देशाने पाहिले आहे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातल्या मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची मुले, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना आपण क्षमा केल्याचे सांगितले. त्या लगेच देश सोडून गेल्या नाहीत. बारीपदा येथे त्या आणखी काही वर्षे कुष्ठरोग्यांचे काम पाहात राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या क्षमेने खटला थांबला नाही. तो चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. समाजाचा न्याय समाजाने करायचा असतो. मनात सूड पोसायचा की नाही, हे मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते.

थोरला भाऊ

येशूने सांगितलेल्या दाखल्यांत उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. धाकटा मुलगा हिस्सा मागून घेतो, परदेशी जाऊन उधळतो, उपाशी मरायची वेळ आल्यावर घरी परततो. मला गडी म्हणून ठेवा, असे म्हणायचे तो वाटेत घोकत येतो. म्हणजे त्याच्याही डोक्यात हिशेबच आहे. बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो आणि त्याला गडी म्हणून ठेवण्याची गोष्टच काढू देत नाही.

पण दाखला तिथे संपत नाही. शेतावरून थोरला भाऊ येतो. घरात वाजंत्री वाजते आहे, मेजवानी चालली आहे. तो चिडून बाहेरच उभा राहतो. मी इतकी वर्षे राबलो, कधी आज्ञा मोडली नाही, मला कधी एवढे केले नाही. त्याच्या तक्रारीत खोटे काहीच नाही. वहीप्रमाणे तो अगदी बरोबर आहे. आपल्यापैकी बहुतेकांना मनातून त्याचेच पटते, कारण आपण नाकासमोर चालणारे लोक आहोत. घरोघरी असा एक थोरला असतो. त्याने आईवडिलांचे केलेले असते, धाकट्याच्या चुका निस्तरलेल्या असतात, आणि धाकटा चार दिवसांसाठी आला की त्याचेच कौतुक झालेले त्याने पाहिलेले असते.

बाप बाहेर येतो. जो धाकट्यासाठी धावला तोच थोरल्याचीही मनधरणी करतो. माझे जे आहे ते सगळे तुझेच आहे, असे सांगतो. म्हणजे इतकी वर्षे ज्याची तू मजुरी मोजत होतास ते कधी मजुरी नव्हतेच, ते आधीपासून तुझेच होते. यावर थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. दाखला अंगणातच थांबतो.

अनंतशास्त्र्यांची मुलगी बरीच वर्षे त्या अंगणात उभी होती. दार कधीपासून उघडे होते हे तिला उशिरा कळले. मग केडगावला आपले घर बांधताना तिने कृपासदनाचे दार मात्र कोणाला अंगणात ताटकळत ठेवायचे नाही, अशाच बेताने उघडे ठेवले.